तोटा घरात कधी सांगितलात?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका ज्येष्ठ कारखानदारांनी पंचाहत्तरीला आपली कहाणी लिहून काढली आणि ओळखीच्यांत वाटली. मी गेली बावीस वर्षं अशाच लोकांचे हिशेब लिहिते, रिटर्न भरते, म्हणून एक प्रत माझ्याकडेही आली. एका बैठकीत वाचली. मन अडकलं ते मधल्या आठ महिन्यांत. काम थांबलं होतं, वीज तोडली होती, तरी हे गृहस्थ रोज साडेआठला डबा घेऊन निघायचे आणि बंद शेडमध्ये संध्याकाळपर्यंत बसून परत यायचे. घरी कुणाला पत्ता नाही अशी त्यांची समजूत. त्यांच्या बायकोला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. धुण्यात टाकलेल्या शर्टाच्या बाहीला ऑइलचा डाग नव्हता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आपल्याच बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे त्यांचा पहिला लोखंडी नांगर दोन वर्षं कुणी घेतला नाही. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात. हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्या दोन वर्षांत रात्री जेवताना घरात काय बोलणं व्हायचं, ते कधी कुणी सांगितलं नाही.

म्हणून या धाग्यात विचारते. धंद्यातला तोटा घरात पहिल्यांदा कधी सांगितलात, कुणाला, आणि पुढे काय झालं? नावं नकोत, गिऱ्हाइकांचीही नकोत.

मच्छे, लेथ आणि बोअरिंगचं जॉबवर्क

२०१८ ला सोसायटीचं कर्ज काढून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, घेतलं. वर्षभरात गाड्यांची विक्री पडली आणि आमचं काम निम्म्यावर आलं. हप्ता होता तेवढाच राहिला.

त्यात एक लॉट असा आला की अजून झोपेत दिसतो. कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीतून आलेला ओतीव भाग, बाहेरून गुळगुळीत. मशिनच्या पकडीत, चकमध्ये धरलं, पहिला कट घेतला, काही नाही. दुसरा कट घेतला आणि आत वाटाण्याएवढं भोक. ब्लोहोल. पुढचा नग घेतला, तिथंही तेच. साठातले तेवीस गेले. फाउंड्रीवाला म्हणाला, कास्टिंग बदलून देतो. देणारच की. खरं माझे मशिनचे तास, इन्सर्ट म्हणजे कापायची पाती, वीज, पोरांची हजेरी कोण देणार? गिऱ्हाईक म्हणालं, तो तुमचा आणि फाउंड्रीचा मामला. त्या महिन्याचा हप्ता चुकला.

घरात मी काही बोललो नाही. पिग्मीवाल्यानं, म्हणजे रोजची बचत गोळा करणाऱ्यानं, सांगितलं. रोज दोनशे भरायचो, ते बंद केलं, तर तो सरळ घरी जाऊन वडिलांना विचारता झाला, "पोराची तब्येत बरी आहे न्हवं?" वडील पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तोट्याचा राग नव्हता त्यांना. पिग्मीवाल्याकडनं कळलं, याचा होता.

सोळाव्या दिवशी ते शेडमध्ये आले. स्टूल ओढून बसले, गिऱ्हाइकांकडनं येणं बाकी असल्याची वही मागितली आणि फोन लावायला सुरुवात केली. "नमस्कार साहेब, मी त्याचा बाप बोलतोय." रोज दहा फोन, आवाज कधी चढवला नाही. चार महिन्यांत साडेतीन लाख आले. एक लाख चाळीस हजार अजून येणं आहे. वडील अजून येतात, सकाळी दहापर्यंत असतात.

*(धागा सुरू करणारी)* तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, असेलच. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर १५ दिवसांत. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यातच हे आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि २०२३-२४ पासून वेळेत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की हे कळवा, फोन लवकर उचलतात.

*(मच्छे)* माहीत आहे मॅडम. पण ते माझं साठ टक्के काम देणारं गिऱ्हाईक. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग शेजारच्या शेडमध्ये जातं. म्हणून वडिलांचा फोनच बरा.

वडगाव, यंत्रमाग

आमचा तोटा सांगायची वेळच आली नाही, सगळ्या गल्लीनं बघितला. ऑगस्ट २०१९ च्या पावसात बळ्ळारी नाल्याचं पाणी चढलं आणि रात्रीत माग बुडाले. मोटारी गेल्या. बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, गुंडाळलेला ताणा भिजला, लाल रंग उतरून पांढऱ्यात गेला. पाणी ओसरल्यावर मी बीम हातानं फिरवून बघत होते, आतला एखादा थर तरी कोरडा असेल म्हणून. नव्हता.

लोक आले, तांदूळ दिले, हळहळले. लपलेला तोटा वेगळाच. सूत आमचं नसतं, सावकाराचं असतं. तो सूत देणार, आम्ही विणून साडी देणार, साडीमागं मजुरी. भिजलेलं सूत त्यानं आमच्या नावावर लिहिलं. आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, ते मला सांगितलं नाही. मजुरीतून दर आठवड्याला कापून जायचं आणि घरी म्हणायचे, यंदा माल उठत नाही. दीड वर्षानं सावकाराच्या मुनिमाकडनं मला कळलं.

मी भांडले नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या भावांना बोलावून त्यांच्यासमोर विचारलं. मालकांना ते फार लागलं, अजून लागलेलं आहे. मला पश्चात्ताप नाही. भावांनी अर्धं फेडलं. माग चार होते, दोन ठेवले, आणि मी फॉल-बीडिंगचं काम धरलं.

निपाणी

माझे आजोबा १९८१ च्या तंबाखू आंदोलनात होते. शरद जोशींच्या हाकेनं हायवेवर जाऊन बसलेल्यांतले. व्यापारी हा शब्द आमच्या घरात चांगल्या अर्थानं कधी उच्चारला गेला नाही. आणि वडिलांनी तंबाखूचा व्यापार सुरू केला. दोघं एका ताटलीतलं खाईनात असा काळ मी लहानपणी बघितला.

एका वर्षी वडिलांनी उसन्या पैशानं माल घेतला आणि भाव चढेल म्हणून वखारीत धरून ठेवला. भाव चढला नाही. पावसाळा आला. चांगल्या तंबाखूचा वास नाकाला झोंबतो, तो वास आम्हाला घरासारखा. त्या श्रावणात वडील घरी आले की सदऱ्याला ओल्या गोणपाटाचा, कुबट वास यायचा. आजोबा ओसरीवर बसलेले असायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं, "किती पोत्यांना बुरशी लागली?" वडील उंबऱ्यावरच बसले आणि आकडा सांगितला. बाप-लेकाचं धंद्यावर झालेलं ते पहिलं बोलणं. मी आतून ऐकलं, म्हणून लिहू शकते.

आजोबांनी रान गहाण टाकू दिलं नाही. पण उरलेला माल वाळवायला, निवडायला स्वतः वखारीत गेले. बुरशीचं पान हातात घेऊन ते किती वेळ बघत राहायचे. त्यांच्यासारख्याच कुणीतरी ते पिकवलेलं होतं.

खानापूर

इथं सगळे सांगितल्याचं लिहितात. मी सांगितलं नाही आणि बरोबर केलं.

आमची कौलांची भट्टी होती. खानापूरची माती कौलांना चांगली, पण स्लॅब आले, पत्रे आले, कौलं कोण घेणार? भट्टी विकली तेव्हा आईचं हृदयाचं दुखणं सुरू होतं. तिला मी भाड्यानं दिली म्हणालो. ती रोज विचारायची, धूर निघतोय का. निघतोय, म्हणायचो. शेवटपर्यंत तिला ती आपली वाटली. भावाला हे अजून पटलेलं नाही, त्याच्याशी माझं बोलणं नाही.

हुक्केरीकडचा, हल्ली बेळगावात

भागीदारीत बेकरी होती. भागीदार कन्नड, घरी आम्ही मराठी. ओव्हन मोठा घेतला आणि लॉकडाऊन लागला. मराठीत "बुडालो" म्हणायला जीभ वळेना. आई-बाबांसमोर बसलो की दुसरंच बोलायचो. एकदा भागीदाराच्या घरी जेवायला बसलो होतो, त्याच्या आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, काय रे, वाळलास. माझ्या तोंडून निघून गेलं, "लुकसान आगैत्री, अव्वा." तोटा झालाय, आई. त्या भाषेत ते सोपं गेलं, का ते कळत नाही. ती म्हणाली, आधी जेव. मग तिनंच माझ्या आईला फोन केला. दोघी अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये तासभर बोलल्या.

पिग्मी गोळा करणारा

वर मच्छेवाल्यांचं वाचून राहवलं नाही. मी दुसऱ्या सोसायटीचा, पण तीच चूक मी पण केलीय. आम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं. शंभराचे पन्नास होतात, पन्नासाचे वीस, मग माणूस दुकानात असून "उद्या या" म्हणायला लावतो. एकदा मी काळजीनं एकाच्या बायकोला विचारलं आणि त्या घरात मोठं रामायण झालं. तेव्हापासून विचारायचं तर त्यालाच, एकट्याला.

अनगोळ

मी अजून सांगितलेलं नाही. ॲल्युमिनियम सेक्शनचं काम होतं, खिडक्या, पार्टिशन. बिल्डरनं दोन साइटचे पैसे अडकवले. शटर ओढून सहा आठवडे झाले. बायको माहेरी आहे, सातवा महिना. मी रोज निघतो आणि किल्ला तलावापाशी जाऊन बसतो. शर्टाचं वाचल्यावर काल मी बाहीला मुद्दाम ग्रीस लावून घरी गेलो. आईनं तो शर्ट साबणात भिजवला, तासभर घासत होती. मला ते बघवलं नाही.

*(मच्छे)* उद्या सकाळी नऊला तिसऱ्या रेल्वे गेटापाशी ये. तिथनं शेडवर जाऊ. येताना बिलं आण, दोन्ही साइटची, असतील तेवढी. वडील असतात.