पोर्टल फ्रेमचं (शेडची खांब-तुळईची पोलादी चौकट) वजन उतरलं, पण स्वे (बाजूला सरकणं) मर्यादेत बसत नाही

शेडवाला_२४: चाकणची शेड. स्पॅन २४ मी., ईव्ह (छताची खालची कड) ७ मी. उंच, बे (दोन फ्रेममधलं अंतर) ६ मी., बेस पिन्ड (खांबाचं बूड जखडलेलं नाही), क्रेन नाही, पत्र्याचं क्लॅडिंग. ई३५० (ई२५० पेक्षा ताकदवान पोलाद) प्लेट घेऊन सगळे रेशो (येणारा भार भागिले क्षमता, १ च्या आत हवा) ०.९८ पर्यंत आणलेत. हॉंचला (खांब-तुळईच्या जोडाशी) खोली ६००, वेब (मधली प्लेट) ५, फ्लॅंज (कडेच्या पट्ट्या) २००×१०, सगळं मिमी. पण वाऱ्यात ईव्ह ६० मिमी सरकते. आयएस ८०० (पोलादी बांधकामाचा भारतीय कोड) प्रमाणे उंची/१५०, म्हणजे ४६-४७ च्या आत हवी. फ्लॅंज १२ ची करू की बेस फिक्स करू?

पर्लिन_पाटील: दोन्ही नको. ई३५० मुळे ताकद वाढली, पण लवचिकता गुणांक ई२५० चाच, २ लाख. त्यामुळे ग्रेड वाढवून सेक्शन बारीक केलं की स्वे अडतोच.

हॉंचचा हिशोब बघा. आत्ता ५५ किलो/मी. फ्लॅंज १२ केली तर ६१ किलो, इनर्शिया (सेक्शनचा वाकण्याला विरोध) १७ टक्के वाढतो. फ्लॅंज १० च ठेवून वेब ७५० केली तरी ६१ च किलो, पण इनर्शिया ६३ टक्के वाढतो! कॉलमला खाली टेपर आहेच, म्हणजे वाढीव वजन आणखी निम्मं. ७५०/५ = १५०, मर्यादा २००ε (ε = √(२५०/३५०)) म्हणजे १६९, तेव्हा चालेल. मात्र ६७ε च्या वर असल्याने शिअर बकलिंग (वेब तिरकी दुमडणं) तपासा, आणि गुडघ्याच्या (खांब-तुळई जोडाच्या) पॅनेलला बहुतेक जाड प्लेट किंवा तिरका स्टिफनर लागेल.

बेस फिक्स केला तर वाचलेलं वजन फुटिंग आणि अँकर बोल्टमध्ये जातं. क्लायंटला तेही पैसेच.

वेल्ड_आणि_वजन: रेशो ०.९८ वर माझा विश्वास नाही. खालच्या फ्लॅंजची अनब्रेस्ड (आधाराविना) लांबी किती धरलीत? पर्लिन (पत्र्याखालची आडवी पट्टी) फक्त वरची फ्लॅंज धरते. हॉंचजवळ, आणि वारा छत उचलतो तेव्हा मधेही, खालची फ्लॅंज दाबात येते. एकाआड एक पर्लिनला ५०×५०×५ ची फ्लॅंज ब्रेस द्या.

मधल्या तुकड्यात २००×८ असेल तर तीही बघा: १००/८ = १२.५, ई३५० ला सेमी-कॉम्पॅक्टची (पट्टी आधीच दुमडू नये म्हणूनची) मर्यादा ११.५.

आणि सॉफ्टवेअरला फ्लॅंज २१० सुचवू देऊ नका. १२५० च्या प्लेटमधून २०० च्या सहा पट्ट्या निघतात, २१० च्या पाचच. उरलेली २०० मिमी भंगारात.

शेडवाला_२४: ७५० केलं, ४५ मिमी आलं. खालची फ्लॅंज १.५ मी. धरली होती, पर्लिनचं अंतर तेच. एकाआड एक ब्रेस म्हणून ३ मी. टाकल्यावर दुसऱ्या तुकड्याचा रेशो १.०७. तिथे ८ ची फ्लॅंज होतीच, १० करतोय.

पर्लिन_पाटील: जोडाची जागा हलली तर स्वे पुन्हा चालवा.