कामाची वेळ संपल्यावर साहेबांचा फोन उचललाच पाहिजे का?

सांजवेळ :
मागच्या महिन्यात रात्री पावणेदहाला साहेबांचा फोन आला. मी मुलीला अपूर्णांक समजावत होते, उचलला नाही. सकाळी विचारलं, तर एका तक्त्यातला आकडा कुठल्या महिन्याचा आहे, एवढंच त्यांना हवं होतं. दोन मिनिटांत विषय संपला, असं मला वाटलं. मग वार्षिक मूल्यमापनात शेरा आला : 'गरजेच्या वेळी उपलब्ध नसतात.' नऊ वर्षांत माझं एकही काम मुदत ओलांडून गेलेलं नाही, त्याबद्दल एक ओळ नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ठरलेले तास कंपनीचे, उरलेले माझे. हे काही आजकालचे लाड नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना १९१९ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिने केलेला पहिलाच करार उद्योगांतल्या कामाला दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास अशी मर्यादा घालणारा होता. तेव्हा फाटकाबाहेर पडलं की काम मागे राहायचं. आता ते खिशातून घरी येतं. म्हणून तर फ्रान्सने २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करणं बंधनकारक केलं. विरोधी मतंही येऊ द्या, मला ऐकायची आहेत.

धावपट्टी :
शेरा अन्यायाचाच आहे, पण 'उरलेले माझे' हे पटत नाही. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. पहिली चार वर्षं रोज अकरा-बारा तास बसलो, डोक्यावर कुणी उभं नव्हतं. जुन्या प्रोग्रॅममधले घोळ रात्री एकट्याने सोडवताना जे शिकलो, ते दिवसाच्या मीटिंगांमध्ये शिकलोच नसतो. मला काम आवडतं. ते माझ्या आयुष्याचा भाग नाही असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं. आणि एक विचारतो : मुलीच्या शाळेत पालकसभा असते तेव्हा दुपारी दोन तास जात असाल, ते तास कुणाचे?

सांजवेळ :
अर्ध्या दिवसाची रजा टाकते. दर वेळी. माझ्या वेळेचा हिशेब तिथे मिनिटांत होतो आणि रात्रीच्या फोनचा कुठेच होत नाही. दुखणं तेच आहे.

आकडेमोड :
धावपट्टी, जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त, हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्क्यांनी जास्त. तुमचे रोजचे अकरा तास आणि आठवड्याचे पाच दिवस, बरोबर ५५ होतात.
कामही वाढतंच असं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळा बनवणाऱ्या कामगारांच्या नोंदी अर्थशास्त्रज्ञ जॉन पेंकाव्हेल यांनी पुन्हा तपासल्या. साधारण ५० तासांच्या पुढे दर तासाला मिळणारं उत्पादन घसरत गेलं आणि ७० तासांचं एकूण उत्पादन ५६ तासांपेक्षा फारसं वेगळं निघालं नाही.

धावपट्टी :
तोफगोळे बनवणं आणि डोक्याने कोडं सोडवणं एकाच मापाने मोजता येईल असं मला वाटत नाही. ५५ चा हिशेब मात्र कधी केला नव्हता. माझ्या वडिलांना पन्नाशीत पक्षाघात झाला, त्यामुळे तो आकडा लागला. पण इथे प्रश्न दोन मिनिटांच्या फोनचा आहे, अकरा तासांचा नाही.

रात्रपाळी :
दोन मिनिटांचा फोन दोन मिनिटांचा नसतो. तो येईल म्हणून माणूस संध्याकाळभर कान तिकडे लावून बसतो. समोर मूल बोलत असतं आणि आपण नुसते 'हं हं' करतो.

मी परिचारिका आहे. आमच्याकडे पाळी संपताना ओव्हर देतात. कुठल्या रुग्णाला काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कुणाकडे जास्त लक्ष ठेवायचं, हे पुढच्या पाळीला खाटेजवळ उभं राहून सांगायचं आणि लिहूनही ठेवायचं. मग घरी जायचं. रुग्ण वॉर्डचा असतो, माझ्या एकटीचा नसतो. आमच्या कामातही खूप जाच आहे. आयत्या वेळी पाळ्या बदलतात, माणूस आला नाही की सलग दोन पाळ्या कराव्या लागतात. पण जीवनमरणाचं काम असं दुसऱ्याच्या हाती सोपवता येत असेल, तर एका तक्त्यातला आकडा एकाच बाईच्या डोक्यात का राहावा? फोन उचलायचा की नाही याच्या आधी हे विचारायला हवं.

पाच_माणसं :
ओव्हर घ्यायला पुढची पाळी असावी लागते हो. माझा यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय आहे, मी धरून पाच जण. रात्री ग्राहकाचं यंत्र बंद पडलं आणि कारागिराने फोन उचलला नाही, तर मी जातो. माझा मुलगा दहावीला आहे आणि त्याचा कुठला विषय कच्चा आहे हे मला मागच्या आठवड्यात त्याच्या आईकडून कळलं. 'उरलेले तास माझे' हे माझ्या माणसांनी म्हणावं, मला मान्य आहे. पण ते तास मग कुणाच्या तरी घरातून जातातच. ते कुणी लिहीत नाही.

रात्रपाळी :
दादा, मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण मग रात्रीच्या फोनच्या पाळ्याच लावा ना. या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरा, आणि ज्याची पाळी त्याला फोन आला नाही तरी भत्ता. बाकीचे चौघे निर्धास्त झोपतील. त्यात तुम्हीही आलात.

पाच_माणसं :
भत्ता द्यायचा तर ग्राहकाकडून रात्रीचे जास्त घ्यावे लागतील. दोन मोठे ग्राहक तेवढ्यावरून सुटू शकतात. पाळ्यांबद्दल माणसांशी बोलतो. भत्त्याचं आज वचन देत नाही.

सांजवेळ :
शेऱ्यावर लेखी उत्तर दिलं आहे. रात्रीची उपलब्धता माझ्या नेमणूकपत्रात कुठे आहे ते दाखवावं, नसेल तर शेरा काढावा. रात्रपाळी यांचं वाचल्यावर त्यात आणखी एक परिच्छेद जोडला. सगळ्या तक्त्यांची टिपणं आजपासून सामाईक फोल्डरमध्ये ठेवते आहे, साहेबांना ती केव्हाही उघडता येतील. उत्तर आलं की कळवेन.