मदत हवी आहे: टेरॅरियममधलं ऑर्किड कुजतंय, लवकर सांगा

मृण्मयी_ठाणे:
टेरॅरियममध्ये, म्हणजे काचेच्या बरणीतल्या बागेत, ऑर्किड लावलंय, खालची पानं पिवळी पडलीत आणि मधला कोंब काळा, मऊ झालाय. पाणी बरोबर देतेय, खिडकीतलं ऊनही आहे. व्हिडिओत सगळ्यांचं छान वाढतं, मग माझ्याकडेच असं का? बहिणीला वाढदिवसाला द्यायचंय, प्लीज जरा लवकर.

पानवेल:
कुठलं ऑर्किड? झाकण आहे का? खाली काय भरलंय?

मृण्मयी_ठाणे:
नर्सरीत मिळतं ते जांभळ्या फुलांचं, रुंद पानांचं. झाकणाची काचेची बरणी. खडे, कोळसा, वर माती. टेरॅरियम असंच करतात ना?

गच्चीवाला:
फॅलेनॉप्सिस असणार. हे झाडाच्या फांदीवर वाढणारं, मुळं हवेत असतात. मुळांवर स्पंजसारखं आवरण असतं, ते पाणी शोषतं आणि मग त्याला वाळायला लागतं, बंद बरणीत ते वाळणार कधी? त्यात कोंबात पाणी साचलं की संपलं, नवीन पान तिथूनच येतं. आजच बाहेर काढा, मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापा, भोकं असलेल्या पारदर्शक कुंडीत झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावा. मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असली तर थांबा. आणि काच उन्हात ठेवू नका हो, आत भट्टी होते.

सावंतवाडीकर:
आमच्याकडे डेंड्रोबियम ऑर्किड आंब्याच्या फांदीला नारळाच्या सोडणासकट बांधतात, पावसात आपोआप धरतं. काचेत कशाला कोंडायचं?

पानवेल:
दादा, ती ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आंबा कुठून आणणार.

सुमनकाकू:
कापलेल्या जागी दालचिनीची पूड लाव गं, बुरशी थांबते.

गच्चीवाला:
काकू, कापलेल्या जागीच हं, चांगल्या मुळांवर पडली तर तीही सुकतात.

हिरवी_काच:
बंद बरणीच हवी असेल तर ज्वेल ऑर्किड घ्या, लुडिसिया डिस्कलर. हे जमिनीवर पालापाचोळ्यात वाढणारं, सावली आणि दमट हवा आवडते. मखमली काळपट पानं, त्यावर लालसर शिरा, फुलं पांढरी आणि बारीक येतात पण पानांसाठीच लावायचं. काडी पेरावर तोडून स्फॅग्नम मॉसवर (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) ठेवली तरी मुळं फुटतात. मॉस ओलं ठेवा, पिळल्यावर पाणी गळायला नको. मॅकोडीस पेटोला हे दुसरं ज्वेल ऑर्किडही बघा, सोनेरी शिरा असतात, जरा नाजूक आहे.

बंगलोरचा_बागडे:
ज्वेल काय, फुलं हवीत तर मास्डेव्हॅलिया, लेपँथेस ही ऑर्किडं लावा! इवलीशी असतात, माझ्याकडे मस्त फुलतात.

हिरवी_काच:
ती दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांच्या ढगाळ जंगलातली, रात्री गारवा लागतो. ठाण्यात मे महिन्यात कशी जगतील? तुमच्याकडे एसी चालू असतो ते सांगा की.

बंगलोरचा_बागडे:
एसी नाही, रात्री पंखा लावतो आणि इथली हवाच थंड आहे.

हिरवी_काच:
तेच म्हणतेय मी.

कोळसेवाला:
कोळसा जास्त घाला, पाणी शुद्ध राहतं.

पानवेल:
बरणीला खाली भोक नाही. खडे, कोळसा कितीही घाला, पाणी तिथेच तुंबणार. आधी पाणी कमी करा.

अनघा_पुणे:
आंबोलीहून सीतेची वेणी (जंगली ऑर्किड) आणून काचेत लावता येईल का?

सावंतवाडीकर:
अजिबात नको! जंगलातलं उपटू नका, आधीच कमी होत चाललंय. शिवाय मोठं होतं ते, बरणीत मावायचं नाही. रोपवाटिकेतलं घ्या.

मृण्मयी_ठाणे:
बरं, लुडिसिया शोधते. पण या जांभळ्याच्या फुलांच्या दांड्याचं काय? कापू?

गच्चीवाला:
हिरवा असेल तर राहू दे. कोंब गेला तरी कधीकधी दांड्यावर किंवा बुडाशी पिल्लू, म्हणजे नवं छोटं रोप, येतं. त्याला मुळं फुटून जरा लांब झाली की वेगळं करा. खिडकीच्या आतल्या बाजूला, पडद्याआड ठेवा.

अनघा_पुणे:
लुडिसिया पुण्यात कुठे मिळेल? कुरियरने मागवलं तर पावसात सडेल का?