एक रिंग, सात जण आणि रोजची भांडणं: हाफ कोर्ट बास्केटबॉलच्या नियमांसाठी मदत हवी आहे

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात आम्ही काही जण संध्याकाळी बास्केटबॉल खेळतो. इथे मैदान म्हटलं की क्रिकेट नाहीतर कबड्डी, त्यात आम्ही टिकून आहोत हेच खूप. रिंग एकच, तीही खाऱ्या हवेने गंजलेली. जमीन जांभ्याची, पट्टे आखलेले नाहीत. एरवी आपसात भागतं, पण मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं येतात आणि प्रत्येकाच्या बिल्डिंगचा नियम वेगळा!

मोठं भांडण बास्केट पडल्यावर बॉल कोणाचा यावर. मुंबईकर म्हणतात, ज्याने घातला त्याचाच. त्यांच्यातला एक ताडमाड भाऊ एकदा सुटला की आमच्या हाताला बॉल लागत नाही. आम्ही आधीपासून समोरच्यांना देतो. गुण ते आतून एक, लांबून दोन असे मोजतात, त्यामुळे सगळे लांबूनच फेकत बसतात. रेफ्री नसल्याने फाउल ज्याचा त्याने सांगायचा, तर काहींना वारा लागला तरी फाउल.

आणि हसू नका, पण बोर्डाच्या डावीकडे माड आहे. झावळीला लागून बॉल रिंगमध्ये पडला तर बास्केट धरायची का? गेल्या रविवारी यावरून खेळ मोडला. सात जण असले की काय खेळायचं तेही सांगा.

प्रतिसाद:
'घालेल त्याचा बॉल' ही अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या खेळातली जुनी पद्धत, त्यामुळे मुंबईकर अगदीच चूक नाहीत. पण टोकियो ऑलिम्पिकपासून जो थ्री बाय थ्री (एकाच रिंगवर तीन विरुद्ध तीन) खेळतात त्यात उलट आहे. ज्यांच्यावर बास्केट पडली त्यांनी रिंगखालून बॉल उचलायचा आणि ड्रिबल करत किंवा पास देऊन थ्री पॉइंटच्या लाईनबाहेर न्यायचा. डिफेन्सने रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा उसळलेला बॉल) घेतला तरी तेच, दोन्ही पाय बाहेर गेल्याशिवाय शॉट नाही. आधी 21 गुण करेल तो जिंकला, नाहीतर 10 मिनिटांनी जो पुढे तो. तुमच्यात ताकद सारखी नाही, तेव्हा हाच नियम घ्या.

गुणांबाबत तुमची तक्रार रास्त आहे. दहा शॉटपैकी एकाने आतून सात घातले, दुसऱ्याने लांबून चार. नेहमीच्या दोन-तीनच्या हिशेबात 14 विरुद्ध 12, आतला पुढे. एक-दोनच्या हिशेबात 7 विरुद्ध 8, लांबचा पुढे! थ्री बाय थ्रीतही एक-दोनच आहे, पण तिथे लाईन 6.75 मीटरवर असते. तुमची पोरं कुठून मारतात ते आधी मोजा. रिंगच्या बरोबर खाली एकाला तेवढ्या लांबीची दोरी धरून उभं करा आणि दुसऱ्या टोकाने चुना टाकत फिरा. जागा पुरत नसेल तर सगळ्याच शॉटना एक गुण.

प्रतिसाद:
माडाक लागलो काय बॉल भायर, विषय संपलो. पण पयले झावळ नि नारळ उतरून घेवा. डोक्यार पडलो तर फाउल कोणाक देतलास?

प्रतिसाद:
वरच्यांनी मजेत लिहिलंय, पण नियमही तोच आहे. कोर्टाच्या वर असलेल्या कुठल्याही वस्तूला बॉल लागला की तो बाहेर, आणि शेवटचा हात ज्याचा त्याच्या विरुद्ध बाजूला मिळतो. म्हणजे झावळीची बास्केट नाही. फाउल सांगायचा तर तिथल्या तिथे ओरडायचं, शॉट चुकल्यावर आठवलेला फाउल धरायचा नाही. वाद मिटतच नसेल तर ओरडणाऱ्याने लाईनबाहेरून एक शॉट मारायचा. पडला तर बॉल त्याचा, नाहीतर समोरच्यांचा.

धागाकर्ता:
झावळीचं मिटलं, आभार. सात जणांचं राहिलंच.

प्रतिसाद:
'एकवीस' खेळा, त्यात टीमच नसते. ज्याच्या हाती बॉल तो एकटा, बाकी सहा जण त्याच्या अंगावर. बास्केटला दोन गुण, मग फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता मारायचे शॉट. एकेक गुणाचे, जास्तीत जास्त तीन, चुकला की थांबायचं. बरोबर 21 व्हायला हवेत, वर गेलात तर मागे. कुठे 11 वर आणतात, कुठे 13, कुठे 15. हा आकडा मात्र मुंबईकर यायच्या आधीच कागदावर लिहून ठेवा.