टक्का : महिन्याचा की वर्षाचा?

कोरेगावकर

माझं पीएच.डी.चं काम लोकांच्या पैशाच्या सवयींवर आहे. आर्थिक साक्षरता मोजायला जगभर तीन प्रश्न वापरतात. अन्नामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या दोघींनी ते तयार केले आणि २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात पहिल्यांदा घातले. एक व्याजाचा, एक महागाईचा, एक जोखीम विभागण्याचा. मी ते मराठीत केले आणि साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात फिरायला लागले.

महागाईचा प्रश्न असा होता : "बचत खात्यावर १ टक्का व्याज मिळतं आणि महागाई २ टक्के आहे. वर्षभरानं त्या पैशात आजच्यापेक्षा जास्त वस्तू येतील, तेवढ्याच, की कमी?" बरोबर उत्तर 'कमी'.

एका ओसरीवर घेवडा निवडत बसलेल्या आजोबांना विचारलं. बोटांची पेरं मोजत म्हणाले, "शंभराला म्हैन्याला एक. वर्साचं झालं बारा. म्हागाई दोन. मग जास्तच येणार की."

मी 'चूक'वर खूण केली. पुढच्या दोन घरांतही हेच उत्तर आलं तेव्हा ट्यूब पेटली. मूळ इंग्रजी प्रश्नात दोन्ही ठिकाणी 'दर वर्षी' आहे. भाषांतर करताना मला ती लांबण वाटली आणि मी ती काढून टाकली. व्याज वर्षाचंच असतं, वेगळं काय सांगायचं? असा माझा समज.

विचारायचं हे की नुसतं 'टक्का' म्हटलं तर तुमच्याकडे काय समजतात?

माणदेशी

महिन्याचा. यात विचारण्यासारखं काही नाही ताई. "तीन टक्क्यानं घेतलेत" म्हणजे हजाराला महिना तीस रुपये. वर्षाचं बोलायचं असेल तर आमच्याकडे 'वर्साला' असं वेगळं सांगावं लागतं.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितोय. अर्धवट सहमत. हळदीच्या पेठेत हातउसने किंवा व्यापाऱ्याकडून घेतलेले पैसे असतील तर टक्का महिन्याचा. पण "ठेवीला सात टक्के मिळतात" असं कुणी म्हटलं तर तासगावच्या माळावरचा माणूससुद्धा महिन्याला सात समजणार नाही. समोर कोण आहे त्यावर टक्क्याची मुदत ठरते : बँक, पतसंस्था, पोस्ट असेल तर वर्ष, माणूस असेल तर महिना. मग तुमच्या प्रश्नात चक्क 'बचत खातं' असताना आजोबांनी महिना का धरला?

कोरेगावकर

मीही त्यावर डोकं खाजवलं. मला वाटतं, बचत खात्याच्या व्याजाचा टक्का कुणी बोलतच नाही. पासबुक भरून आणलं की "व्याज किती पडलं" एवढंच विचारतात. दुसरं म्हणजे आकडा. एक, दीड, दोन, तीन हे आकडे कानाला महिन्याचेच वाटतात. सात-आठ आले की माणूस ठेवीकडे वळतो. 'एक टक्का' ऐकल्यावर त्यांना बँक आठवलीच नसणार.

माणदेशी

आणि दहा? 'दहा टक्केवाला' म्हटलं की आमच्याकडे लोक आवाज खाली करतात. ते काही वर्षाचे दहा नव्हेत.

शब्दखोदाई

टंक हे जुन्या नाण्याचं आणि वजनाचं नाव, टका-टक्का त्याच कुळातले. बांगलादेशाचं चलन 'टका' तेही तिथलंच. म्हणजे शब्दाच्या पोटात नाणं आहे, काळ नाहीच. 'मराठी टक्का घसरला' म्हणतो तेव्हा कुठे महिना-वर्ष असतं? काळ बोलणारा बाहेरून आणतो.

शाळेतलं 'द.सा.द.शे.' आठवा. दर साल दर शेकडा. सरळव्याजाची गणितं करताना आपण ते मंत्रासारखं लिहायचो, अर्थ कुणी विचारला नाही. त्यात दोन 'दर' आहेत, एक काळाचा आणि एक शंभराचा. कोरेगावकरताईंनी नेमका पहिला 'दर' गाळला. धान्याच्या उधारीतही हीच गंमत. सवाईनं घेतलं तर सव्वापट परत, दिढीनं घेतलं तर दीडपट. मुदत कुणी बोलत नाही, कारण ती सुगीची असते हे दोघांनाही ठाऊक.

निवृत्त शाखाधिकारी

कऱ्हाड, वाई, फलटण असं तीस वर्षं कर्जखातं सांभाळलं, म्हणून चार ओळी.

सावकारी नियमनाचा महाराष्ट्राचा कायदा २०१४ चा. परवानाधारक सावकाराला त्याच वर्षी घालून दिलेले कमाल दर असे : शेतकऱ्याला तारण असेल तर ९, विनातारण १२, बिगरशेतकऱ्याला तारणावर १५, विनातारण १८. हे सगळं वर्षाला. आता बोलीत आणा. पाऊण टक्का, एक टक्का, सव्वा टक्का, दीड टक्का. म्हणजे पारावर 'दोन टक्के' हा शब्द निघाला तिथेच कमाल दर ओलांडला गेला. आणि ऐकणाऱ्याला तो दर स्वस्त वाटतो! शेतकऱ्याला पाऊण टक्क्यानं पैसे देणारा सावकार कुणी पाहिला असेल तर मलाही दाखवा.

दुसरी बाजूही सांगतो. महिन्याचा टक्का फक्त खेड्यातला म्हातारा बोलतो असं नाही. माझ्या पुतण्यानं दुचाकी घेतली, शोरूमवाला म्हणाला, "काका, फक्त एक टक्का पडतोय." साठ हजाराचं कर्ज, बारा हप्ते. व्याज ७,२००, हप्ता ५,६००. पुतण्यानं बारा टक्के धरले. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जातं आणि व्याज मात्र पूर्ण साठ हजारांवर. घटत्या शिलकीवर मांडा, वर्षाचा दर साडेएकवीसच्या आसपास जातो. 'एक' म्हणायचं आणि साडेएकवीस घ्यायचे, खोटं एक अक्षर नाही.

याच कारणानं १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या कर्जांना 'केएफएस' हा कर्जाची ठळक माहिती देणारा कागद सक्तीचा केला. त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा एकच दर, एपीआर, लिहावा लागतो, आणि तोही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. भाषा मराठी केली तरी 'टक्का' हा शब्द त्याला कसा समजतो हे कोण बघणार, ते विचारू नका.

कृष्णाकाठ

काका, पटलं. कोरेगावकर, व्याजाच्या प्रश्नाचं काय झालं? तिथे तर 'जास्त' हेच बरोबर उत्तर असतं ना?

कोरेगावकर

हो, शंभर रुपये, २ टक्के, पाच वर्षं. १०२ पेक्षा जास्त होतील की कमी. त्यामुळे महिन्याचा टक्का धरूनही लोक पास झाले, आणि माझी चूक तिथे लपली. पण त्यांचे आकडे मी शेजारी लिहून ठेवले होते. कुणी म्हणालं २२०. शंभराला महिना दोन, वर्षाला चोवीस, पाच वर्षांत एकशेवीस आणि मुद्दल, चोख हिशेब. एक आजी मात्र ठामपणे म्हणाल्या, "दोनशेच. येवाज मुदलाच्या वर जात न्हाई."

शब्दखोदाई

ही दामदुपट! एका वेळी वसूल होणारं व्याज मुदलाइतकंच, त्यावर नाही. मनुस्मृतीत हा नियम आहे, इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातली कोर्टं तो पाळत. १८७५ च्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये जो दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, त्याच्या चार जिल्ह्यांत सातारा होता. आजींना कायदा कुणी शिकवला नसेल, शब्द घरात राहिला.

आणि तोच शब्द आज कुठे ऐकू येतो? 'दामदुप्पट योजना'. सावकाराला आवरायला काढलेला शब्द ठेवीदाराला ओढायला लावलाय. मला तर यात सरकारी छापही दिसते. किसान विकास पत्र १९८८ मध्ये आलं तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट व्हायचे, आणि पोस्टाचं म्हणून ते खरं असायचं. 'दुप्पट' या शब्दाला तिथे जी पत मिळाली ती पुढे भलत्यांनी खाल्ली.

निवृत्त शाखाधिकारी

ते पत्र २०१४ मध्ये पुन्हा आलं तेव्हा मुदत शंभर महिने होती. दुप्पट तीच, वेळ वेगळी. पुन्हा तेच, काळ कुणी विचारत नाही.

कोरेगावकर

सगळ्यांचे आभार. भरलेल्या प्रश्नपत्रिका बाजूला ठेवल्या, मार्गदर्शकांना फोन करून सांगितलं, थोडं ऐकूनही घेतलं. नवा मसुदा असा : "बँकेत शंभर रुपये ठेवले, वर्षानं एकशे एक झाले. आज शंभरला मिळणारा माल वर्षानं एकशे दोनला मिळतो. तर तुमच्या पैशात माल जास्त येईल, तेवढाच, की कमी?" टक्का हा शब्दच काढला.

माणदेशी

त्या आजोबांना परत विचारलं का?

कोरेगावकर

काल जाऊन आले. "कमीच की," लगेच म्हणाले. मग घेवड्याचं सूप बाजूला ठेवून माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. "पण पोरी, वर्साला एक रुपया देणाऱ्याकडं पैसं ठेवायचंच कशाला?"