पगाराच्या गावाला गावपण नसतं? किर्लोस्करवाडीची शंभरी आणि थोडा राग

वाडीची नात
परवा इथंच 'घाटावरचा' यांनी लिहिलं की सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची २०१० ची शंभरी ही किर्लोस्कर कंपनीची शंभरी आहे, गावाची नव्हे. जिथं भावकी नाही, पाटील नाही, तिथं गावपण कसलं आणि अभिमान कशाचा? दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

१० मार्च १९१० ला वाडी वसली ती काय पगाराच्या आशेनं? बेळगावात नगरपालिकेनं लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराच्या कारखान्याला जागा सोडायला लावली होती. औंध संस्थानच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर माळ दिला आणि वर १०,००० रुपये कर्जाऊ. माळ म्हणजे निवडुंग आणि साप, दुसरं काही नाही. पंचवीसेक कामगार बायकापोरांसह अशा जागी राहायला आले. आधी निवडुंग तोडला, मग घरं उभी राहिली. लक्ष्मणरावांनी वाडीत शिवाशीव चालू दिली नाही आणि तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्यांना राखणीला ठेवलं. त्या काळी कुठल्या भावकीवाल्या गावानं हे केलं होतं, सांगा.

माझे आजोबा फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या खात्यात, मोल्डर, साचे करणारे. हातावर भाजल्याचे डाग होते. ते डाग दाखवून "हा अमक्या नांगराचा" असं सांगायचे. हा अभिमान नव्हे तर काय?

घाटावरचा
ताई, तुमच्या आजोबांचा अपमान करायचा नव्हता. पण माझंही ऐका.

मीही एका कारखान्याच्या वसाहतीत वाढलो. दुसरा जिल्हा आहे, नाव घेत नाही. वडिलांची ३१ वर्षं तिथं गेली. गणपतीची वर्गणी, नाटकाचा पडदा, पोरांची क्रिकेट टीम, सगळ्यात ते पुढे. निवृत्त झाले आणि क्वार्टरची किल्ली परत द्यावी लागली. आईनं परसात लावलेला शेवगा तिथंच राहिला. पुढच्या वर्षी गणपतीला गेलो तर गेटवर पास मागितला. आई रिक्षातून उतरलीसुद्धा नाही.

जिथून कुणी काढू शकत नाही ते गाव, एवढंच मला म्हणायचंय. शंभरीच्या मांडवात भाषणं ऐकली की मला तो शेवगा आठवतो.

कुंडलवाला
तुमचं चालू द्या, पण मूळ अन्याय कुणी बोलत नाही. स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं. ते पुसून किर्लोस्करवाडी केलं. कुंडल काय कालचं गाव आहे? जैनांच्या झरी पार्श्वनाथाला लांबून यात्रेकरू येतात. स्वातंत्र्यसैनिक जी. डी. बापू लाडांचं हे गाव. १९४३ ला इंग्रजांना डावलून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, त्याचं केंद्र कुंडल. शेणोलीला ७ जून १९४३ ला पगाराची गाडी लुटली, ती याच भागातल्या पोरांनी. आणि आमच्या वाट्याला फलाटावरची पाटीसुद्धा नाही!

रेल्वेतले काका
स्टेशनाच्या नावापुढं 'रोड' असलं की गाव तिथून लांब, ही रेल्वेची जुनी रीत. कुंडल स्टेशनाला लागून नाही, वाडी आहे. उतारूला जिथं जायचंय तिथलं नाव पाटीवर हवं. ३४ वर्षं नोकरी केली, चुकीच्या स्टेशनावर उतरलेली म्हातारी माणसं पाहिलीत.

कुंडलवाला
काका, उतारूची सोय तेवढी कळते आणि गावाची अब्रू कळत नाही? माझ्या चुलत आजोबांनी प्रतिसरकारच्या तुफान सेनेत असताना दोन वर्षं घराचं तोंड पाहिलं नाही. रात्री शेतात भाकरी पोचवायची ती माझी आजी. तिचं गाव पाटीवरून जातं आणि तुम्ही मला रीत शिकवता.

वाडीची नात
दादा, आवाज खाली. तुमच्या आजीला मान आहेच. पण तिला मोठं करायला माझ्या आजोबांना खाली ओढायची गरज नाही.

रामानंदनगरकर
सगळे बोलताय म्हणून मीही. वाडीलगतच्या रामानंदनगरात माझ्या वडिलांचं चहाचं दुकान. आम्ही कधीच कंपनीच्या पगारपत्रकावर नव्हतो. पण भोंगा झाला की आई उठायची, भोंगा झाला की आम्ही शाळेला निघायचो. संध्याकाळी सुट्टीच्या भोंग्याला वडील पातेलं चढवायचे. घरात घड्याळ नव्हतंच. मग हे गाव आमचं की नाही? घाटावरचे साहेब, आम्हाला तर क्वार्टरही नव्हती, परत काय करणार?

मंगळवेढ्याची
मी वाडी पाहिलेली नाही, तरी बोलते. १९२० ला 'किर्लोस्कर खबर', १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. शंकरराव किर्लोस्करांनी वाडीच्या माळावरच्या छापखान्यातून ही मासिकं काढली. माझ्या आजीची शाळा चौथीत सुटली. 'स्त्री'चा अंक ती आधी धान्याच्या कणगीमागं लपवायची, मग आजोबांसमोर वाचायला लागली. विधवेच्या केशवपनाविरुद्ध ती भर ओसरीवर बोलली तेव्हा घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. तिच्यासाठी ते गाव पुण्यामुंबईहून मोठं होतं. मासिकं पुढं पुण्याला गेली ती गेलीच. शंभरीला नांगरांचं प्रदर्शन भरवताय तर जुन्या अंकांचंही भरवा.

घाटावरचा
मासिकांचं मान्य. आणि दुकानदारांचं मी धरलंच नव्हतं, तेही मान्य करावं लागेल. तरी गाव चालवण्यात राहणाऱ्याचा शब्द किती, हा प्रश्न उरतोच. याच औंधच्या राजानं १९३९ ला खेड्यांच्या हाती कारभार दिला. वाडीत कारभार मालकाच्या घरातून चालला, लक्ष्मणरावांचे भाऊ रामूअण्णा यांनी प्रेमानं चालवला असेल, पण चालवला त्यांनीच.

वाडीची नात
हे खरं आहे. मला आवडत नाही, पण खरं आहे. आजोबाही रामूअण्णांना विचारल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकत नसत.

कुंडलवाला
एक गोष्ट सांगतो, मग माझं संपलं. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते म्हणून लोक सुरुवातीला तो घेईनात. लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, त्या वितळवून नांगर झाले. आमच्या पणजोबांनी तसला नांगर घेतला तेव्हा भावकी हसली होती. हरळी मुळासकट निघाली आणि पुढच्या वर्षी हसणारेच मागायला आले. तो नांगर अजून गोठ्यात आहे. प्रदर्शनाला पाहिजे असेल तर आणतो. पण खाली चिठ्ठी लागेल ती 'कुंडल' अशीच.

वाडीची नात
आणा. चिठ्ठी मी माझ्या हातानं लिहीन. स्टेशनाचं मात्र मला पटलेलं नाही.