मदत हवी आहे: नमपाय-सायपाय अपग्रेड केल्यावर स्क्रिप्ट चालते, पण क्षेत्रफळाचे आकडे जुळत नाहीत

मंडळी, नमपाय आणि सायपाय (पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररी) यांच्या पोटात शिरलेलं कुणी असेल तर जरा बघा.

प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर पायथन ३.८, नमपाय १.२१ आणि सायपाय १.७ होतं. आता पायथन ३.१२, नमपाय २.० आणि सायपाय १.१४ आहे. स्क्रिप्ट माझ्या आधी इथे काम करून गेलेल्या कुणीतरी लिहिलेली. काम साधं: इन्फ्रारेड स्पेक्ट्रमची दोन रकान्यांची फाइल वाचायची, बेसलाइन (शिखराखालची पायाची रेषा) वजा करायची, ठरावीक मर्यादांमधल्या शिखराखालचं क्षेत्रफळ काढायचं, ते कॅलिब्रेशनच्या गुणकाने गुणायचं आणि निकाल टेक्स्ट फायलीत लिहायचा.

ओरडून सांगणाऱ्या चुका निस्तरल्या. एनपी.फ्लोट (एनपी म्हणजे नमपाय) नमपाय १.२४ पासूनच नाही, तिथे साधं फ्लोट लिहिलं. मोठ्या अक्षराने सुरू होणारं इन्फ नमपाय २.० मध्ये गेलं, ते लहान अक्षराने लिहिलं. क्षेत्रफळ काढणारं सिम्प्स हे फंक्शन सायपाय १.१४ मधून काढलंय, तिथे सिम्पसन टाकलं. फाइल वाचणारं सी भाषेतलं एक मॉड्यूल 'नमपाय १ वर कंपाइल केलेलं २ वर चालणार नाही' म्हणून अडून बसलं होतं, ते नव्याने कंपाइल केलं. निकालाच्या फायलीत नुसत्या आकड्यांऐवजी प्रत्येक आकड्याभोवती एनपी.फ्लोट६४ आणि कंस छापले जाऊ लागले, कारण स्क्रिप्ट अख्खी लिस्ट एकदम छापते आणि २.० मध्ये लिस्टच्या आतले आकडे असेच दिसतात. छापण्याआधी टूलिस्ट वापरल्यावर तेही गेलं.

आता एकही एरर नाही, वॉर्निंगही नाही. खरी भानगड इथून पुढे आहे. त्याच जुन्या फायली, तेच कॅलिब्रेशन, आणि तरी:

सगळ्या फायलींत उत्तर सातव्या-आठव्या अंकाच्या आसपास बदलतं. ते एक वेळ सोडून देता येईल. पण काही फायलींत थेट तिसऱ्या अंकात फरक पडतो. कोणत्या फायलींत पडेल याचा काही नियम सापडत नाही. एकाच नमुन्याच्या दोन मोजण्यांपैकी एक जुळते, दुसरी नाही.

डेटा फ्लोट३२ मध्ये (प्रत्येक आकड्याला ३२ बिट, फ्लोट६४ मध्ये त्याच्या दुप्पट) साठवलेला आहे. गुणक म्हणजे स्टँडर्ड नमुन्यांवरून आलेल्या आकड्यांची एनपी.मीनने काढलेली सरासरी. जुना आकडा खरा मानायचा की नवा? जुने आकडे एका प्रबंधात छापले गेलेत, म्हणून जास्त काळजी.

प्रतिसाद: सातव्या अंकाचं उत्तर

हा नमपाय २.० मधल्या डेटाटाइपच्या नव्या नियमांचा परिणाम. पूर्वी फ्लोट३२ च्या ॲरेला फ्लोट६४ च्या एकट्या आकड्याने गुणलं तर उत्तर फ्लोट३२ च राहायचं, कारण नमपाय एकट्या आकड्याच्या टाइपला फारसं जुमानत नसे. आता जुमानतं, आणि उत्तर फ्लोट६४ होतं. तुमची सरासरी नेमकी फ्लोट६४ चा आकडा आहे. फ्लोट३२ मध्ये जेमतेम सातेक अंक भरवशाचे, म्हणून फरक तिथेच दिसतो. गुणक साध्या पायथन फ्लोटमध्ये बदललात तर उत्तर पुन्हा फ्लोट३२ होईल. पण मी उलट करेन: फाइल वाचतानाच सगळं फ्लोट६४ करा. दोन रकान्यांच्या फायलीत मेमरी वाचवून मिळवायचं काय?

तिसऱ्या अंकातला फरक मात्र याच्या खात्यावर टाकता येणार नाही.

प्रतिसाद: सम की विषम?

फरक पडणाऱ्या फायलींत मर्यादांच्या आत किती बिंदू येतात ते मोजा, आणि न पडणाऱ्या फायलींतही. संख्या सम असली की फरक पडतो असं निघेल, पैज लावतो.

मूळ प्रश्नकर्ता

पैज जिंकलात! पट्टा अरुंद आहे, काही फायलींत १३ बिंदू येतात, काहींत १४. १३ वाल्या सगळ्या जुळतात, १४ वाल्या एकही नाही. पण असं का?

प्रतिसाद: असं का

सिम्पसनचा नियम दोन-दोन अंतरांची जोडी घेऊन त्यावर पॅराबोला बसवतो. म्हणजे अंतरं सम हवीत, पर्यायाने बिंदू विषम. १४ बिंदूंत १३ अंतरं, एक उरतं. त्या उरलेल्याचं काय करायचं हे सायपाय १.११ मध्ये बदललं. पूर्वी आपोआप व्हायचं ते असं: एकदा शेवटचं अंतर ट्रॅपेझॉइडने (दोन बिंदू सरळ रेषेने जोडून) काढायचं, एकदा पहिलं, आणि दोन्ही उत्तरांची सरासरी. आता पहिली सगळी अंतरं सिम्पसनने आणि शेवटच्या अंतरासाठी शेवटच्या तीन बिंदूंतून जाणारा पॅराबोला.

कागदावर करून बघा. एक्स ०, १, २, ३ आणि वाय त्याचा वर्ग, म्हणजे ०, १, ४, ९. खरं क्षेत्रफळ ९. जुन्या पद्धतीने ९.१७ येतं, नव्याने बरोब्बर ९. तेव्हा 'कोणता खरा' याचं उत्तर, निदान या बाबतीत, नवा.

टोकाशी वक्र सरळ असेल तर ट्रॅपेझॉइडही चालून जातो. तुमच्या मर्यादा बहुधा शेजारच्या शिखराच्या पायथ्याशी, वक्र वळतो तिथे पडतायत. शिवाय बिंदू इतके कमी, की एका अंतराची चूक लगेच डोळ्यांवर येते. शेकडो बिंदू असते तर तुम्हाला पत्ताही लागला नसता.

प्रतिसाद: थांबा, मोठा घोटाळा दुसराच आहे

वरचं सगळं बरोबर. पण १३ आणि १४ बिंदू मुळात का येतात? स्क्रिप्ट 'या मर्यादेपेक्षा मोठे आणि त्या मर्यादेपेक्षा लहान' असे बिंदू निवडत असणार. मग क्षेत्रफळ तुम्ही ठरवलेल्या मर्यादांमधलं नसतंच. ते आत सापडलेल्या पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंतचं असतं. बिंदूंमधलं अंतर सारखं धरलं तर १४ वाल्या फायलीचा पट्टा १३ वाल्यापेक्षा एका अख्ख्या अंतराने रुंद आहे. हा फरक जुन्या व्हर्जनमध्येही होता, आणि टोकाशी सिग्नल शून्याजवळ नसेल तर तो सिम्पसनच्या फरकापेक्षा बराच मोठा असू शकतो. एकाच नमुन्याच्या दोन मोजण्यांची नवी उत्तरं एकमेकांशी ताडून बघा.

उपाय सायपायमध्येच आहे: क्यूबिकस्प्लाइन (सगळ्या बिंदूंतून जाणारा गुळगुळीत वक्र) बसवा आणि त्याची इंटिग्रेट ही मेथड तुमच्या नेमक्या मर्यादा देऊन वापरा. सम-विषमाचा प्रश्नच उरत नाही. दोन अटी: एक्स चढत्या क्रमाने हवा, इन्फ्रारेडच्या फायली बऱ्याचदा उतरत्या असतात, तेव्हा आधी उलटवा. आणि मर्यादांच्या बाहेरचेही थोडे बिंदू स्प्लाइनला द्या, नाहीतर टोकाला तो अंदाजपंचे वळेल.

मूळ प्रश्नकर्ता

ताडून पाहिलं. दोन मोजण्यांमधला फरक खरंच अपग्रेडच्या फरकापेक्षा मोठा निघाला, आणि स्प्लाइनने जवळपास मिटला. एक्स उतरताच होता.

प्रबंधातल्या आकड्यांचं काय करू? आणि गुणक तोच ठेवला तर चालेल ना? तो एका फायलीत लिहून ठेवलेल्या स्टँडर्डच्या जुन्या क्षेत्रफळांवरून निघतो, दरवेळी नव्याने काढत नाही.

प्रतिसाद: गुणक

नाही चालणार. गुणक जुन्या पद्धतीच्या क्षेत्रफळांवरून आलाय, त्यात तीच सम-विषमाची आणि पट्ट्याची गडबड मुरलेली आहे. स्टँडर्डच्या मूळ फायली शोधा, त्यांनाही स्प्लाइन लावा, मगच गुणक काढा.

प्रबंधासाठी: जुनी व्हर्जनं वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, नेमक्या क्रमांकांसकट बसवा आणि छापलेले आकडे जसेच्या तसे येतात का ते आधी बघा. ते आले, की नवीन पद्धतीने सगळे नमुने पुन्हा काढा आणि फरक मोजणीच्या त्रुटीच्या आत बसतो का तपासा. बसला तर पुढच्या लेखात पद्धत आणि व्हर्जन लिहून पुढे चला. नाही बसला तर मार्गदर्शकांशी बोला. काहीही झालं तरी एकाच तक्त्यात जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवू नका.

मूळ प्रश्नकर्ता

स्टँडर्डच्या मूळ फायली मिळाल्या, एक सोडून. त्या एकाची मोजणी परत घेतो. सगळ्यांचे आभार, धागा सुटला असं समजायला हरकत नाही.